धुके, दव आणि आगगाडी

आपल्याकडील आगगाडीचा इतिहास सांगावयास बसलेला मनुष्य बहुधा दोनच गोष्टी रंगवून सांगतो; एक घाटाची व दुसरी पावसाळ्याची. १८६३ साली बोरघाट कसा खुला झाला, सदतीस फुटांस एक फूट असा तो चढ इंजिनांनी कसा चढला, आणि दरसाल जून लागताच भराव कसे खचतात, हे सर्व त्यात येते. हिवाळ्याचे नाव कोणी घेत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर ते घेण्याचे कारण तरी काय, असे वाचक सहज विचारतील. येथे बर्फ पडत नाही, खाड्या गोठत नाहीत. वसईच्या वाड्यांत तर हिवाळा म्हणजे वर्षातील सुखाचा काळ. वालपापडी भरलेली, फुलझाडे बहरलेली आणि विहिरींस पाणी असते.

तथापि ज्या लोहमार्गावरून वसई-विरारची मंडळी दररोज मुंबईस जातात, त्या मार्गाची राखण करणाऱ्यास विचारावे. पावसाळ्याच्या खालोखाल तो हिवाळ्याचेच नाव घेईल. पावसाने मार्ग बुडाला तर साऱ्या गावास कळते. हिवाळ्यातील बिघाड मात्र उत्तररात्री होतो. त्या वेळी धुक्यामुळे पुढचे दिसत नाही, दवाने चाक घसरते आणि थंडीने रूळ आखडून तडकतो. गेल्या दीडशे वर्षांत या मार्गावरील गाडी अधिकाधिक वेगवान व काटकसरी झाली, हे सर्वांस दिसते. परंतु वेग वाढला तसतसा चालकाच्या डोळ्यांस मिळणारा अवसर कमी झाला आणि गाडी सांभाळण्याचा भार एकेक करून त्याच्या हातून निघून मार्गावर चालणाऱ्या माणसांकडे व मुक्या यंत्रांकडे गेला, ही दुसरी बाजू सहसा कोणी लिहीत नाही. प्रस्तुत लेखात तिचाच विचार कर्तव्य आहे.

बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे ही कंपनी १८५५ साली स्थापन झाली. तिचा प्रवर्तक कर्नल केनेडी याचे मत असे की, घाट चढण्यात कोळसा व पैसा जाळण्यापेक्षा समुद्रकिनाऱ्याच्या सपाटीवरून मार्ग न्यावा. गाडीच्या कार्यक्षमतेचा हा विचार मोठा शहाणपणाचा होता. पण सपाटी म्हणजे खाजणे, मिठागरे आणि खाड्या, हे त्याबरोबर ओघानेच आले. वसईच्या खाडीवर दोन पूल बांधावे लागले आणि मधल्या पाणजू बेटावरून मार्ग न्यावा लागला. २८ नोव्हेंबर १८६४ रोजी गुजरातेकडून आलेला हा मार्ग मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचला, आणि १२ एप्रिल १८६७ पासून विरारहून मुंबईस जाणारी रोजची गाडी सुरू झाली. सकाळी पावणेसातास विरारहून निघावे व संध्याकाळी साडेपाचास परत फिरावे, अशी तिची एकच फेरी असे. आज जेथे मिनिटे मोजून गाड्या सुटतात, तेथे दिवसाकाठी एक गाडी म्हणजे गंमतच वाटेल. त्या वेळच्या स्थानकांत पाणजू हेही एक नाव आढळते. आज तेथे गाडी थांबत नाही.

आता त्या गाडीचा हिवाळ्यातील प्रवास कसा होत असेल तो पाहू. वसईचे धुके डोंगरातल्या धुक्यासारखे वरून उतरत नाही, ते जमिनीतून उठल्यासारखे दिसते. आकाश निरभ्र व वारा पडलेला असला म्हणजे रात्री जमीन आपली उष्णता भराभर टाकून देते, तिच्यालगतची खाडीची ओलसर हवा निवते आणि तिच्यातील बाष्पाचे कण होऊन खाजणावर पांढरा थर पसरतो. लोहमार्गाचा भराव बरोबर याच थरातून जातो. सूर्य चांगला वर आल्याखेरीज हा थर विरत नाही, म्हणजे विरारची सकाळची गाडी त्यातूनच जावयाची.

वाफेच्या इंजिनास थंडी मुळीच मानवत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनाच्या थंड नळकांड्यांत वाफ शिरली की तिचे पाणी होते. ते पाणी तोट्या उघडून आधी काढून टाकावे लागते, नाहीतर दट्ट्या त्यावर आदळून नळकांडे फुटावयाचे. बाहेर टाकलेली वाफ गार हवेत अधिक दाट व पांढरी होऊन चालकाच्याच दृष्टीआड येते, म्हणजे निसर्गाच्या धुक्यात इंजीन आपल्या पदरचे थोडे धुके घालते. शिवाय कोळशातील शक्तीचा दहावा हिस्सासुद्धा चाकांपर्यंत पोहोचत नसे. थंडीत तोही घटे.

याहून विचित्र गोष्ट दवाची. मुसळधार पावसात रूळ धुऊन निघतो आणि चाकास बऱ्यापैकी पकड मिळते. पण पहाटेचे हलके दव रुळावरील गंज, धूळ व तेल यांत कालवले जाऊन त्याचा जो बारीक लेप होतो, त्यावरून चाक पावसाहूनही अधिक घसरते. कोरड्या रुळावर चाकावरील वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा ओढ म्हणून उपयोगी पडतो. अशा लेपावर तो अर्ध्याहून कमी होतो. गाडी निघताना चाके जागच्या जागी फिरतात आणि थांबताना न फिरता सरकत जातात. उपाय एकच, वाळू. इंजिनावर वाळूची पेटी असे व तीतील कोरडी वाळू नळीवाटे चाकापुढे सोडीत. वाळू ओली झाली की नळी तुंबते, म्हणून ती भट्टीवर भाजून ठेवण्याचे काम इंजीनशाळेत वेगळे असे. असल्या कामांची नोंद कोठल्याही ऐतिहासिक ग्रंथात नसते, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते.

गाडी थांबविण्याची साधने तर त्याहून तुटपुंजी होती. सर्व डब्यांस एकदम लागणारा ब्रेक त्या काळी प्रचारात आला नव्हता. चालकाने शिटी द्यावी आणि गार्डाने आपल्या डब्यातील चाक फिरवून हातब्रेक आवळावा, असा प्रकार असे. विलायतेत १८८९ साली आर्माघ येथे चढावर सुटे केलेले डबे मागे घसरून मोठा अनर्थ झाला, तेव्हा कोठे असा ब्रेक तेथे कायद्याने सक्तीचा झाला. तथापि जुन्या गाडीचा वेग बेताचा असल्यामुळे चालकास पुढे पाहून थांबण्यापुरता वेळ मिळे. धुके दाट झाले म्हणजे तो वेळही उरत नसे, आणि तेव्हा कानाचा आश्रय घ्यावा लागे.

१८४१ साली एडवर्ड काउपर नावाच्या इंग्रज यंत्रज्ञाने रुळावर बांधावयाचा फटाका शोधून काढला. चपटी पत्र्याची डबी, तीत स्फोटक द्रव्य आणि रुळास आवळण्यासाठी पट्टी, एवढेच ते साधन. चाक त्यावरून गेले की मोठा आवाज होतो व चालक समजतो की पुढे सिग्नल आला. आपल्या रेल्वेच्या नियमात याची फार काळजीपूर्वक तजवीज आहे. स्टेशनापासून १८० मीटरांवरील ठरावीक खूण दिसेनाशी झाली की स्टेशनमास्तराने धुके पडले असे समजावे, माणसे पाठवावी आणि सिग्नलच्या अलीकडे २७० मीटरांवर, एकमेकांपासून दहा मीटर अंतराने दोन फटाके बांधावे. दोन अशासाठी की एखादा न फुटला तर दुसरा फुटावा. धुक्यात रुळाशेजारी उभे राहून फुटलेल्या फटाक्याच्या जागी नवा बांधणारा माणूस हा या मार्गावरील पहिला हिवाळी पहारेकरी होय.

येथे थोडे विषयांतर करून इंग्लंडातील एक हकीकत सांगणे जरूर आहे, कारण ज्या भूमीवर बर्फ कधी पडत नाही तेथील सिग्नलसुद्धा तिचे ऋणी आहेत. २१ जानेवारी १८७६ च्या संध्याकाळी ॲबट्स रिप्टन या ठिकाणी हिमवादळ चालू होते. तेथील सिग्नलचा हात खांबाच्या खाचेत उतरला म्हणजे 'जा' असा अर्थ होई आणि नेहमीची स्थिती हीच असे. खाचेत बर्फ भरून हात तेथेच थिजला. सिग्नलवाल्याने तरफ ओढून 'थांबा' केले तरी वर हात हलला नाही. स्कॉटलंडहून येणारी जलद गाडी निर्धास्त पुढे गेली व मालगाडीवर आदळली, आणि त्या ढिगाऱ्यावर उलट दिशेची दुसरी गाडी येऊन पडली. तेव्हापासून सिग्नलची मूळ स्थिती 'थांबा' ही ठरली आणि साधन बिघडले तर ते धोकाच दाखवील अशी रचना करण्यात आली. पुढे हे तत्त्व सर्वत्र पसरले. विरारला एखादा सिग्नल बिघडून तांबडा राहतो व उतारू त्रागा करितात, तेव्हा तो तांबडा राहिला यातच त्यांची सुरक्षितता आहे.

१९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आली. कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंतचे काम ५ जानेवारी १९२८ रोजीच पुरे झाले होते. वीज टाटांच्या जलविद्युत् केंद्रांतून येई. खोपोलीचे केंद्र १९१५ चे, भिवपुरीचे १९२२ चे आणि भिरा येथील १९२७ चे. सह्याद्रीच्या माथ्यावर आषाढ-श्रावणात साठविलेले पाणी पौषातल्या पहाटे पायथ्याशी सोडावे आणि त्यावर विरारची गाडी चालावी, ही व्यवस्था कोळशाच्या जमाखर्चापेक्षा किती तरी सुंदर होती. शिवाय वाफेच्या इंजिनास जाचणारी थंडी विजेच्या मोटारीस उलट हितकर. ती कमी तापते. इंजीन तापविणे नाही, राख काढणे नाही, टोकास जाऊन इंजीन फिरविणे नाही. अनेक चाकांस मोटारी असल्यामुळे दवाचा उपद्रवही कमी झाला. वसईची केळी, फुले व भाजी आणि तीबरोबर जाणारी माणसे मुंबईस लवकर पोहोचू लागली. आगाशीचा किंवा सोपाऱ्याचा गृहस्थ घरी राहून मुंबईत नोकरी करू लागला त्याचे मूळ या विजेत आहे.

पण वेगाचे गणित निर्दय असते. वेग दुप्पट झाला की थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी लोकल सेकंदास सुमारे २८ मीटर मार्ग कापते व चांगला ब्रेक असूनही तिला थांबावयास चारशे ते पाचशे मीटर लागतात. फटाक्यासाठी ठरविलेले २७० मीटर तिला दहा सेकंदही पुरत नाहीत. दाट धुक्यात मोटरमनास शंभर मीटरांपलीकडचे दिसले नाही, तर सिग्नल दिसल्यावर ब्रेक लावणे हे नुसते समाधान होय. म्हणून अशा वेळी वेग उतरविणे हा एकच प्रामाणिक मार्ग राहतो. गाडी उशिरा आली म्हणून फलाटावर जो संताप होतो त्याचा काही भाग वस्तुतः पदार्थविज्ञानावर करावयास हवा.

विसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या उपनगरी मार्गांवर सावधगिरीची एक नवी योजना आली. रुळांमध्ये बसविलेले चुंबकीय साधन सिग्नलचा रंग गाडीतील यंत्रास कळविते. मोटरमनाने चार सेकंदांत बटण दाबून 'समजले' असे न कळविल्यास ब्रेक आपोआप लागतो. धुक्यातील फटाक्याचेच हे सुधारलेले रूप, पण यात एक भेद आहे. फटाका चालकास केवळ जागे करी, आणि हे यंत्र त्याच्यावर देखरेख करिते. मोटरमनाची नजर व त्याचे धैर्य यांवर पूर्वी जो भरवसा होता, त्याची जागा येथे यंत्राच्या संशयाने घेतली. आम्हांस यात अपमान दिसत नाही. हजारो लोकांचा जीव एका मनुष्याच्या पापणीवर टांगून ठेवणे हेच अधिक अपमानास्पद होते.

काटकसरीच्या दिशेनेही गाडी पुढे गेली. २००७ पासून आलेल्या नव्या गाड्यांत ब्रेक लावताना मोटारी उलट वीज निर्माण करून तारेस परत देतात, व त्यामुळे विजेत सुमारे तीस टक्के बचत होते असे सांगतात. २०१२ साली चर्चगेट-विरार मार्गावरील १,५०० व्होल्टांचा जुना एकदिश प्रवाह जाऊन २५,००० व्होल्टांचा प्रवाह आला. तारांचेही हिवाळ्याशी नाते आहे. थंडीने तार आखडते. ती फार ताणली जाऊ नये व उन्हाळ्यात लोंबू नये म्हणून खांबांवर कप्पीवरून वजने टांगलेली असतात. पौषात सकाळी लवकर जाणाऱ्याने ती वजने पाहून ठेवावी आणि वैशाखात दुपारी पुन्हा पाहावी. थंडीत वर चढलेली वजने उन्हात खाली आलेली आढळतील.

रुळांस मात्र असे वजन टांगता येत नाही, आणि हिवाळ्याचा खरा घाव तेथेच बसतो. पूर्वी रुळाचे तुकडे लहान असत. १३ मीटरांचा तुकडा थंडी व ऊन यांतील ४० अंशांच्या फरकाने सहा मिलिमीटर लांबे अगर आखडे, आणि त्यासाठी सांध्यात फट ठेवीत. 'खडखड, खडखड' हा आगगाडीचा जो आवाज आपल्या बालपणीच्या आठवणीत आहे तो या फटींचा. त्या फटींनी चाके व रूळ दोन्ही झिजत, गाडीस हिसके बसत, वेग वाढविता येत नसे. म्हणून तुकडे वितळजोड करून शेकडो मीटर लांबीचे अखंड रूळ टाकण्यात आले. गाडी मऊ चालू लागली, शक्तीचा अपव्यय कमी झाला, आवाज गेला. पण आखडण्याची ओढ कोठे जावी? स्लीपर व खडी यांनी जखडलेला रूळ आखडू शकत नाही, तेव्हा ती ओढ त्याच्या पोटातच ताण होऊन राहते. आज वापरात असलेल्या जाड रुळात दर अंशास सुमारे १.९ टन इतका हा ताण असतो. ज्या तापमानास रूळ बसविला त्याहून रात्री २५ अंशांनी गार झाला, तर एकेका रुळात ४७ टनांची ओढ तयार होते. दुपारी तोच रूळ उन्हाने हवेपेक्षाही पुष्कळ अधिक तापतो, म्हणजे एका दिवसात त्यास दोन ऋतू सोसावे लागतात.

एवढी ओढ निर्दोष पोलाद सहज सहन करते. परंतु जोडात एखादा बारीक पोकळ कण राहिला असेल, किंवा घासून सपाट झालेल्या चाकाचे घण एकाच जागी बसत आले असतील, तर ती जागा नेमकी थंडीत हार खाते. हिवाळ्यात पहाटे अमुक ठिकाणी रूळ तडकला व गाड्या खोळंबल्या, ही बातमी म्हणूनच दरसालची झाली आहे. तापमान सर्वांत खाली असते ते सूर्योदयाच्या सुमारास. आणि विरार, नालासोपारा व वसई येथून माणसांनी तुडुंब भरलेल्या लोकल सुटू लागतात त्याही त्याच वेळी. रुळाची सर्वांत दुबळी घटका व त्यावरील सर्वांत मोठा भार यांची गाठ रोज पडते.

तडकलेला रूळ ओळखण्याचे एक चतुर साधन सिग्नलच्या योजनेत आपोआप मिळाले होते. रुळांतून वाहणारा बारीक विद्युत्प्रवाह गाडीच्या चाकांनी तोडला गेला की मागचा सिग्नल तांबडा होतो. रूळ पूर्ण तुटला तरी तोच प्रवाह तुटतो व सिग्नल तांबडाच होतो. परंतु पाणी भरले की हेच साधन निकामी होते. २०१८ च्या जुलैत नालासोपाऱ्यास रूळ पाण्याखाली जाऊन वाहतूक बंद पडली, ते वसईकर विसरलेले नाहीत. पाणी साचणाऱ्या जागी म्हणून दुसरे साधन पसंत केले जाते. ते आत गेलेली व बाहेर आलेली चाके मोजते आणि हिशेब जुळला की मार्ग मोकळा समजते. पावसाळ्यास हा उपाय उत्तम आहे. मात्र चाके मोजणाऱ्यास रूळ तुटल्याची वार्ता नसते. पावसाळ्यापासून राखण्यासाठी केलेली तजवीज हिवाळ्याचा एक डोळा मिटते, याची चर्चा वर्तमानपत्रांत आमच्या वाचनात आलेली नाही. श्रवणातीत ध्वनीने रुळाचे पोट तपासणारी यंत्रे आहेत खरी, पण ती ठरलेल्या पाळीने येतात. तडा पाळी पाहून पडत नाही.

तेव्हा शेवटी माणूस उरतो. थंडीच्या दिवसांत रात्री मार्गावर पायी गस्त घालण्याचा नियम रेल्वेत आहे. दिवसा कीमन जातो तसा रात्री गस्तवाला हातात दिवा, पाठीशी फटाके व हत्यारे घेऊन आपल्या टापूतील रूळ न् रूळ पाहत जातो. तडा दिसला तर त्याने काय करावे हेही ठरलेले आहे. तांबडा दिवा दाखवीत गाडीच्या रोखाने धावावे. ६०० मीटरांवर एक आणि १,२०० मीटरांवर दहा दहा मीटर अंतराने तीन फटाके बांधावे. मग मुकादम व टोळी येऊन तड्यावर पट्ट्या चढवून चाप आवळते आणि पहिली गाडी माणसाच्या चालीने त्यावरून काढली जाते. काउपरच्या १८४१ च्या डबीस अजून येथे नोकरी आहे. पण १,२०० मीटर खडीतून अंधारात जावयास चपळ माणसासही दहा-बारा मिनिटे हवीत, आणि पहाटे चारच्याही आधी विरारहून लोकल सुटू लागल्या म्हणजे दोन गाड्यांत तेवढा अवसर फार वेळ राहत नाही. हा नियम एकाच गाडीच्या काळातील मनाने लिहिलेला आहे, असे म्हणणे कठोर होईल. परंतु धावणाऱ्या माणसाची गती १८६७ पासून वाढलेली नाही, एवढे खरे.

२२ जानेवारी २०२४ रोजी रात्री नऊच्या सुमारास वसई रोड व नायगाव यांच्या दरम्यान सिग्नलचा बिघाड दुरुस्त करणारे तीन रेल्वे कर्मचारी लोकलची धडक बसून मरण पावले. त्या अपघाताचा थंडीशी वा धुक्याशी संबंध जोडण्याचा आमचा हेतू नाही. मार्गावर उभ्या असलेल्या माणसास येणाऱ्या गाडीची सूचना कोणी द्यावी, या प्रश्नाशी मात्र त्याचा संबंध आहे. गाडीतील मोटरमनास सावध करणारे यंत्र बसले, मागच्या गाडीस पुढच्या गाडीची वार्ता देणारे सिग्नल बसले. रुळावर वाकून काम करणाऱ्यास अजून बहुधा आपल्याच जोडीदाराच्या शिटीवर व हाकेवर अवलंबून राहावे लागते. आणि नवी विजेची गाडी जुन्या इंजिनासारखी दुरून धापा टाकीत येत नाही, अखंड रुळावरून ती जवळजवळ आवाज न करता येते.